वाळवंटातला चावीवाला

जॉर्डनमध्ये पेट्रा नावाचं प्राचीन शहर आहे. तिथल्या अरुंद घळीतून अर्धा तास चाललं की समोर एकदम डोंगरात कोरलेला गुलाबी राजवाडा उभा राहतो. आमच्या टूरमध्ये सव्वीस माणसं होती. पंचवीस जणांच्या तोंडून तिथं ‘अरे बापरे’ किंवा ‘जीझस’ निघालं. सव्विसावे दत्ताराम परब राजवाड्याकडे पाठ करून उभे होते. घळीच्या भिंतीत कोरलेल्या पन्हळीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला होता.

“पेपरवाले, इकडे या. उतार बघा. दोन हजार वर्षांपूर्वी पाणी आणलंय मेल्यांनी, पंप न लावता!”

“परब, मागे वळा. राजवाडा आहे.”

“राजवाडा काय पळतोय? पाणी कुठनं आलं ते आधी बघा.”

पेपरवाले म्हणजे मी. आयुष्यभर वृत्तपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या, म्हणून हे नाव. परब माझ्याच सोसायटीत, मुलुंडला, खालच्या मजल्यावर राहतात. निवृत्त होईपर्यंत ते पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्याच्या पोटातला व्हॉल्व लांब लोखंडी चावीने फिरवायचा आणि ठरल्या वेळी ठरल्या वस्तीला भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी सोडायचं, हे काम. नोकरी सुटली, कान सुटले नाहीत. एकदा पहाटे साडेपाचला त्यांनी माझी बेल वाजवली होती. “तुमचा फ्लश गळतोय. जिन्यात ऐकला.” फ्लश खरंच गळत होता. हाच त्यांचा सर्वात मोठा दोष. ते चुकत नाहीत.

जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एकच माप आहे. सूनबाईच्या आमटीला प्रेशर नाही. सेक्रेटरीच्या भाषणाला प्रेशर नाही. आमच्या टूर लीडर ग्लोरियाबाई सव्वीस माणसांना एका शिट्टीत गोळा करत, तेव्हा परब म्हणत, “बाईला प्रेशर आहे.” रोज दुपारी तीनला ते सोसायटीतून गायब होतात आणि सातला उगवतात. कुठेतरी पत्ते कुटत असतील, असा आमचा सगळ्यांचा समज.

बायबलमधली ठिकाणं दाखवणाऱ्या या टूरला निम्मी मंडळी चर्चची होती. मी पेट्रा बघायला आलो होतो. परब का आले, हे मला कळत नव्हतं, आणि दुर्दैवाने आमची खोली एक होती. चोवीस तास पाणी असलेल्या हॉटेलात ते आल्या आल्या टब भरून ठेवत. “उद्या नाही आलं तर?” मग सकाळी आम्ही दोघांनी त्या टबातलं गार पाणी मुलुंडहून आणलेल्या निळ्या मगाने अंगावर घ्यायचं. शॉवर सुरू केला की बाहेरून दार ठोठावलं जाई. “पेपरवाले, वाळवंटात आहात!”

मृत समुद्रावर सगळे पाठीवर तरंगत फोटो काढत होते. परबांनी एक बोट बुडवून चाटलं आणि थुंकले. “एवढं पाणी, आणि एक घोट कामाचा नाही. खात्याची बदनामी.”

त्यांच्या बॅगेत पाच लिटरचा रिकामा कॅन होता. त्यावर निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘फ्रान्सिस’.

“हा फ्रान्सिस कोण?” मी विचारलं.

“माझा जोडीदार. तीस वर्षं एका लाइनवर होतो. कुर्ल्याला असतो. पाय लुळे पडले बिचाऱ्याचे, नाहीतर या टूरला तोच यायचा होता. म्हणाला, तू जा, जॉर्डन नदीचं पाणी आण. स्वतःच्या हाताने भरून आण.”

पहिल्यांदाच त्यांनी पाण्याबद्दल हळू आवाजात सांगितलं होतं.

नदी शेवटच्या दिवशी होती. त्याआधी नेबो डोंगर. मोशेने इथून देवाने देऊ केलेला देश बघितला. बघितला फक्त, पाऊल ठेवायची परवानगी मिळाली नाही. खाली धुक्यात नदीची हिरवी रेघ दिसत होती. ग्लोरियाबाईंनी सगळी हकीकत सांगितली. लोक तहानेने मरत होते. देव मोशेला म्हणाला, खडकाशी बोल, पाणी येईल. मोशेने चिडून खडकावर काठी मारली. पाणी आलं, पण देवाने त्याला शिक्षा केली: तो देश फक्त लांबून बघायचा.

परबांनी हात वर केला. “पाणी लोकांना मिळालं ना?”

“मिळालं, अंकल.”

“पुरलं?”

“गुराढोरांनासुद्धा.”

“मग मेमो कसला?”

“देवाने बोलायला सांगितलं होतं. त्याने मारलं.”

“मॅडम, जाम झालेला व्हॉल्व बोलून उघडत नाही. मारायलाच लागतं.”

सगळे हसले. परब हसले नाहीत. ते त्या हिरव्या रेघेकडे बघत होते. “हे फ्रान्सिसने मला सांगितलं नव्हतं,” एवढंच म्हणाले.

“अडीचला बस,” ग्लोरियाबाईंनी बजावलं. “नदीचं गेट चारला बंद होतं आणि उद्या सकाळी आपलं विमान आहे.”

अडीचला पंचवीस माणसं बसमध्ये होती.

परब मला स्वच्छतागृहामागे सापडले. ऑलिव्हच्या रोपांना जाणाऱ्या पाइपच्या सांध्यातून पाणी उडत होतं. ते चिखलात गुडघे टेकून बसले होते, दातांत सायकलच्या ट्यूबची पट्टी. ती त्यांच्या खिशात कायम असते. शेजारी एक अरब माळी उकिडवा बसला होता. परब त्याच्याशी मराठीत बोलत होते, तो अरबीत, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

“परब, बस!”

“दोन मिनिटं.”

दहा मिनिटांनी ग्लोरियाबाई आल्या. त्यांनी एकदा पाइपाकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “तुम्ही त्यांचे रूममेट. टॅक्सी करून घेऊन या.” बस गेली. मला नदीत काडीचा रस नव्हता, तरी माझं डोकं फिरलं.

“अहो, फ्रान्सिसचं पाणी!” मी ओरडलो.

त्यांचे हात थांबले. क्षणभरच. “वाहतं पाणी सोडून कसा जाऊ?”

मुख्य व्हॉल्व शोधण्यात अर्धा तास गेला. तो जाम होता. परबांनी दगड उचलला आणि मारला. व्हॉल्व फिरला, धार थांबली, मग त्यांनी सांध्यावर पट्टी आवळली. माळ्याने टाळ्या वाजवल्या.

नदीच्या गेटवर पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पहारेकऱ्याने मान हलवली. आमची मंडळी ओल्या पायांनी बाहेर येत होती. ग्लोरियाबाईंनी आपली छोटी बाटली पुढे केली. “घ्या अंकल. जॉर्डनचंच आहे.”

“नको, मॅडम. तो विचारणार, कुठे भरलंस, धार कशी होती. काय सांगू?”

मी ती बाटली त्यांच्या बॅगेत कोंबली. त्यांनी काढून परत दिली. मुंबईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला ते दारात उभे. “कुर्ल्याला चला. साक्षीदार पाहिजे.”

फ्रान्सिस चाळीतल्या एका खोलीत, खिडकीखालच्या कॉटवर पडून होते. परबांनी रिकामा कॅन समोर ठेवला आणि आरोपीसारखं सगळं सांगितलं.

फ्रान्सिसनी सगळं ऐकून घेतलं. “गळती बंद झाली?”

“झाली.”

“पूर्ण?”

“थेंब नाही. हे पेपरवाले साक्षीला आहेत.”

मी मान हलवली. फ्रान्सिस माझ्याकडे वळले. “याने टेकडीवरच्या एका वस्तीला रोज तासभर जास्त पाणी सोडलं होतं. वेळेबाहेर. साहेबाने पकडलं. याची बायको बाळंतीण, म्हणून मी म्हटलं, चावी मी फिरवली. मेमो मला मिळाला. पुढच्या महिन्यात मला मुकादम करणार होते.” ते हसले. “लांबून बघितली मुकादमकी.”

परब छतालगतच्या पाइपाकडे बघत होते.

“आणि तू नदी बघितलीस?” फ्रान्सिसनी विचारलं.

“डोंगरावरनं. रेघ फक्त.”

“म्हणजे आता तुलाही मेमो मिळाला रे, दत्ता.”

दोघं खोकला येईपर्यंत हसले. मग पाइपात हवा खरखरली. परब वाक्य अर्धं टाकून उठले. मोरीतला ड्रम लावला, हंडे भरले, कॅन भरला. सगळं न बघता, सवयीने. फ्रान्सिसची सून चहा घेऊन आली. “काका रोज येतात,” ती मला म्हणाली. “पाण्याच्या वेळेला. पप्पांचे पाय दुसऱ्या कोणाला धुऊ देत नाहीत.”

परब घमेलं घेऊन कॉटपाशी बसले. फ्रान्सिसची लुंगी वर सारून त्यांनी ते दोन बारीक पाय घमेल्यात ठेवले आणि कॅन तिरका केला.

“जॉर्डनचं का रे?” फ्रान्सिसनी डोळे मिटून विचारलं.

“भांडुपचं. पण प्रेशर बघ.”