हवेची वही

‘तू फक्त वाचायची तयारी कर, हवेचं माझ्यावर सोड,’ असं मी बायकोला म्हणालो आणि तिथूनच सगळं सुरू झालं. (ती तेव्हाच ‘नको’ म्हणाली होती. पण तिच्या ‘नको’चा अर्थ मला नेहमी तीन-चार दिवसांनी कळतो.)

झालं होतं असं, की तिला रेडिओ केंद्राचं पत्र आलं होतं. लहान मुलांसाठी गोष्टी वाचायला त्यांना आवाज हवा होता आणि दहा दिवसांनी, रविवारी, चाचणी होती. सोळा वर्षं ती बालवाडीत गोष्टी सांगतेय. तिने नुसतं ‘ससा’ म्हटलं तरी पोरं बाकाखाली वाकून बघतात. पत्र आल्यापासून ती ते दिवसातून चारदा काढायची, वाचायची आणि घडी घालून पुन्हा डब्यात ठेवायची. तिला हे किती हवं होतं ते एवढ्यावरूनच माझ्यासारख्यालाही कळलं. अडचण एकच होती, खोकला. तीन महिने तो तिच्या मागे लागला होता आणि नेमका वाक्याच्या मध्यावर यायचा. डॉक्टरांनी घसा तपासला आणि घशात काही नाही, घरातली हवा सुधारा, धूळधूर कमी करा, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

आता हवा सुधारायची तर आधी ती मोजली पाहिजे. मी रेकॉर्ड विभागात कारकून आहे. म्हणजे ऑफिसच्या तळघरात पन्नास वर्षांच्या फायली आहेत आणि त्यांच्यात मी आहे. आमच्या कामाची एक पद्धत असते. फाईल कपाटातून काढली की उघडण्याआधी तिला उजव्या हाताने दोन थापा मारायच्या, धूळ उडू द्यायची, मग उघडायची. मला हे माझ्या आधीच्या म्हाताऱ्या रेकॉर्डकीपरने शिकवलं आणि तेवीस वर्षांत मी एकही फाईल थापेशिवाय उघडलेली नाही. तर आमच्या वरच्या मजल्यावर सुरक्षा विभागात माझा एक इन्स्पेक्टर मित्र आहे. त्याच्याकडे हवेतली धूळ मोजायचं यंत्र असतं, गजराच्या घड्याळाएवढं, समोर लाल आकडा. आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट. एकदा त्याने ते आमच्या तळघरात आणलं होतं, तेव्हा ९९९ आकडा आला. यंत्रात तीनच घरं होती म्हणून ते तिथे थांबलं. शुक्रवारी मी ते दहा दिवसांच्या बोलीवर मागून घरी आणलं.

बैठकीच्या खोलीत ते टेबलावर ठेवलं, सोफ्याच्या उशीला दोन थापा मारून ऐसपैस बसलो आणि आकडा बघितला. दोनशे चाळीस. चांगली हवा म्हणजे तीसच्या आत, असं मित्राने बजावलं होतं. मी तसाच उठलो, ऑफिसातून आणलेली कोरी वही काढली आणि रेघा आखल्या. वेळ, जागा, आकडा, जबाबदार व्यक्ती, शेरा. (‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना बायकोला खटकला. मी म्हटलं, रकान्याशिवाय कारभार चालत नाही.)

पहिल्या जबाबदार व्यक्ती म्हणजे आमच्या मातोश्री. आई सकाळी तळण करते तेव्हा स्वयंपाकघर बंद असतं आणि धूर घरभर फिरतो. मी तिला वहीतली नोंद वाचून दाखवली. आई म्हणाली, ‘अरे, तुझ्या लहानपणापासून मी तळतेय, तेव्हा नाही कुणी खोकलं.’ पण तिने खिडकी उघडली, पंखा लावला, भांड्यावर झाकण ठेवायला लागली आणि माझ्याशी दोन दिवस बोलणं बंद केलं. खरं सांगायचं तर स्वयंपाकघरातला आकडा उतरला. बैठकीतला नाही.

दुसरी जबाबदार व्यक्ती आमची कन्या. ती दहावीत आहे आणि खोलीत वासाचा फवारा मारते. फवारा जप्त. डास पळवायची कॉइल बंद, तिच्या जागी जाळी. चपला-बूट दाराबाहेर. कोरडा झाडू बंद, त्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं, आणि पुसायचं काम बायकोकडे, म्हणून तिसरी जबाबदार व्यक्ती ती. तिने फरशीवर भरपूर फिनाईल ओतलं तर त्याचाही वास नको म्हणून मी शेरा मारला, ‘प्रमाण कमी करावे’. तो शेरा तिने वाचला आणि फडकं माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘मग तुम्हीच पुसा, प्रमाणात.’ मी पुसलं. नंतर घाम टिपायला टॉवेल घेतला, त्याला सवयीने झटका दिला, सोफ्याला दोन थापा मारल्या, बसलो आणि आकडा बघितला. दोनशे साठ.

माझी झोप उडाली म्हणेन, पण तसं नाही, झोप मला लागते. रोज रात्री उशीला दोन थापा मारल्या की दोन मिनिटांत मी घोरतो. खोकत उठायची ती बायको. रविवारी रात्री तिला इतका खोकला झाला की पहाटेपर्यंत ती उशीला टेकून बसून होती. मी उठलो, तिची उशी काढून तिला चांगल्या दोन थापा मारून परत दिली, पाठही चोळली. ती म्हणाली, तुम्ही झोपा. मला खरंच वाईट वाटत होतं.

सोमवारी मी घराचे आकडे जागोजागी तपासले आणि जाहीर केलं, घरात सगळ्यात स्वच्छ हवा न्हाणीघरात आहे. (तिथे मी बसत नाही, उभा असतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.) त्या दिवसापासून बायको न्हाणीघरात बादली पालथी घालून त्यावर बसून गोष्टी वाचायला लागली. आतून कोल्ह्याचा आवाज यायचा, मग मगरीचा. शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, सूनबाईचं सगळं बरं आहे ना? आई त्या दिवशी माझ्याशी बोलली, पण फक्त हे सांगण्यापुरती.

मंगळवारी मला शाखेतल्या जुन्या फायली आणायला बाहेरगावी जावं लागलं आणि एक मुक्काम पडला. वहीत खंड नको म्हणून नोंदी घ्यायचं काम मी कन्येकडे दिलं. बुधवारी संध्याकाळी परत आलो. प्रवासाची बॅग दोन थापा मारून सोफ्यावर ठेवली आणि वही उघडली. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: बावीस, एकोणीस, चोवीस, अठरा. मी त्यासमोर लाल शाईने शेरा लिहिला, ‘यंत्र नादुरुस्त असावे’. मग समोरचा आकडा बघितला, दोनशे सत्तर, आणि खालच्या ओळीत लिहिलं, ‘यंत्र दुरुस्त झाले’.

‘आई रात्री एकदाही खोकली नाही,’ कन्या म्हणाली. मी म्हटलं, प्रवासाने माणसाला बरं वाटतं. ती म्हणाली, प्रवासाला तुम्ही गेला होता. मी म्हटलं, तेच.

गुरुवारी संध्याकाळी तिने वही मागून घेतली. विज्ञानाच्या वहीतला आलेखाचा कागद फाडला, सहा दिवसांचे आकडे, मी ऑफिसात असताना तिने स्वतः टिपलेलेही, त्यावर मांडले आणि माझी बायको, आई दोघींना बोलावून तो जेवणाच्या टेबलावर पसरला. रेघ सकाळी चढायची, मी ऑफिसला गेलो की उतरायची, संध्याकाळी साडेसहाला पुन्हा चढायची. शनिवारी अर्धा दिवस वर. रविवारी दिवसभर वर. मंगळवारी आणि बुधवारी, मी परत येईपर्यंत, सपाट.

‘बाबा, जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात आजी आहे, आई आहे, मी आहे,’ ती म्हणाली. ‘तुम्ही कुठे आहात?’

मी म्हटलं, मी सही करणारा अधिकारी आहे, प्रत्येक ओळीखाली माझी सही आहे. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी. मग तिने खिडकी लावली, यंत्र सोफ्यासमोर ठेवलं, आकडा एकवीस होईपर्यंत सगळ्यांना गप्प उभं केलं आणि मला सांगितलं, आता नेहमीसारखे बसा.

मी नेहमीसारखा बसलो. म्हणजे आधी उशीला दोन थापा मारल्या. आकडा साठ झाला, मग एकशे दहा, एकशे ऐंशी, दोनशे चाळीस. मी घाबरून उठलो आणि उठताना सवयीने पँटवर दोन थापा मारल्या. दोनशे ऐंशी. त्या पँटवर दिवसभराचं तळघर होतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती धूळ मला पहिल्यांदा दिसली. सोफ्यावरून उठली, बायकोपर्यंत गेली, आणि बायको खोकली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रोज रात्री तिच्या कानाजवळ उशी थोपटणारा मी, आणि खोकत बसलेल्या बाईची उशी पुन्हा थोपटून देणाराही मीच. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी वही उघडली, सगळ्या ओळींमधली जबाबदार व्यक्ती खोडली आणि तिथे माझं पद लिहिलं. आई म्हणाली, ‘लहानपणीसुद्धा हा ताटाला थापा मारायचा.’ (हे खोटं आहे. पण तो दिवस तक्रार करण्याचा नव्हता.)

मग घरात हुकूम आले, यावेळी माझ्यावर. ऑफिसचे कपडे बाल्कनीत बदलायचे. आल्या आल्या हातपाय धुवायचे. उशा, चादरी, सोफ्याची खोळ, सगळं धुऊन उन्हात. काहीही झटकायचं नाही, थोपटायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आणि शुक्रवार-शनिवार मी बाल्कनीतच झोपायचं, कारण झोपेत माझा हात चालतो हे बायकोने सांगितलं. मी बाल्कनीत झोपलो. आत शनिवारी रात्री आकडा सोळा होता आणि बायको बैठकीत, सोफ्यावर बसून, अख्खी गोष्ट न अडखळता वाचत होती. मी काचेतून ऐकत होतो. माझा ऊर भरून आला आणि मी पांघरुणाला हातही लावला नाही.

रविवारी रेडिओ केंद्रात गेलो. समोर ऐकणारं कुणी असलं की मला वाचता येतं, यांना आत येऊ द्या, असं बायकोनेच तिथल्या माणसाला सांगितलं. त्या घडीला मला जेवढा आनंद झाला तेवढा बढतीचा झाला नव्हता. तिने मुंगीची गोष्ट सुरू केली. मी हात पाठीमागे बांधून भिंतीला चिकटून उभा होतो. आवाज कसा लागला होता म्हणून सांगू! मुंगी भिंत चढायला लागली आणि काचेमागच्या माणसाने मला खूण केली, बसा, समोर खुर्ची आहे. मी गोष्टीत पार रंगलो होतो. मी पुढे झालो, खुर्चीला दोन थापा मारल्या आणि बसलो.

बायको एक श्वासभर थांबली. मला वाटलं, आता खोकणार. पण तिथली खुर्ची स्वच्छ होती. तिच्या आवाजात नुसतं हसू आलं, आणि त्या हसूतच मुंगी वर पोचली.

तिची निवड झाली. चाचणीचंच वाचन पहिला कार्यक्रम म्हणून लावतो, असं केंद्रातून कळवलं. मध्ये दोन ठोके आलेत, पण पुढचं हसू इतकं छान आहे की कापवत नाही, म्हणाले. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सगळे रेडिओभोवती जमलो. कन्या, बायको, शेजारच्या काकू, आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. मुंगी भिंत चढायला लागली आणि रेडिओतून स्पष्ट आवाज आला, थप, थप.

आई हातातलं काम टाकून बाहेर आली, रेडिओकडे न बघता तिने तडक खिडकी उघडली आणि मला बाल्कनीचं दार दाखवलं.