कड्यावरचं चटणीचं दुकान

एका जंगलात, मुलांनो, रेंज आली.

त्याआधी तिथे सगळं होतं. झाडं होती, ओढा होता, वाघसुद्धा होता. रेंज तेवढी नव्हती. मग पलीकडच्या डोंगरावर कुणीतरी टॉवर उभा केला आणि महिन्याभरात प्रत्येक प्राण्याच्या हातात मोबाइल आला. ज्यांना हात नव्हते त्यांनी शेपटीवर भागवलं. हसू नका. आधी तुमचा मोबाइल उलटा करून ठेवा, मग पुढे सांगतो. ठेवला? बरं.

त्या जंगलात भागाबाई नावाची एक घोरपड राहायची. ती वाळवीची चटणी करायची. नाकं मुरडू नका. तुम्ही पाकिटं फोडून काय काय खाता, ते मी कधी बोललोय का?

चटणी फार झकास व्हायची. भागाबाई पहाटे वारूळ उकरायची. वाळवी तापलेल्या दगडावर खरपूस भाजायची. आंबटपणाला लाल मुंग्या आणि वासाला रानलसूण. हे सगळं पाट्यावर रगडून मडक्यांत भरायची, मडकी पाठीवर बांधायची आणि मंगळवारच्या बाजाराला निघायची.

हा बाजार ओढ्याकाठी भरायचा. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली होती. जागेवर बसायला एक दगड, आणि ज्याचा दगड त्याची जागा. भागाबाईचा दगड मोठ्या जांभळाखाली होता. तिच्याआधी त्यावर तिची आई बसायची. बसून बसून दगडाला खोलगट आकार आला होता. दुपार व्हायच्या आत भागाबाईची मडकी रिकामी व्हायची. कुणी बदल्यात मध द्यायचं, कुणी मोहाची फुलं. उशिरा येणारे हात हलवत परत जायचे.

बाजाराचा एक नियम होता, तो नीट ऐका. सलग पाच बाजार जागा रिकामी राहिली, तर बाजाराची कारभारीण हत्तीण येऊन दगड सोंडेने उचलायची आणि जागा दुसऱ्याला द्यायची. आजारपण, बाळंतपण, कसलंही कारण चालत नसे. भागाबाईची आई तर शेपटी तुटली त्या आठवड्यातही येऊन बसली होती.

एका मंगळवारी भागाबाई रिकामी मडकी आवरत होती. तेवढ्यात समोर एक सरडा येऊन उभा राहिला. त्याने गळ्यात पान बांधलं होतं.

"नमस्कार मॅडम. मी रंगनाथसर," सरडा म्हणाला.

त्याला सर कुणी केलं, हे जंगलात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने आधी मधाची एजन्सी घेतली होती. मग पिसांचा व्यापार केला. मग योगासनं शिकवली. प्रत्येक गोष्ट त्याने दीड-दोन महिने केली. सध्या तो मोबाइलवर एक कोर्स चालवत होता. कोर्सचं नाव होतं, 'चिकाटी'.

"आठवड्यातून एक दिवस धंदा करता?" सरड्याने विचारलं. "आणि ग्राहक परत जातात? ऑनलाइन या मॅडम. पन्नास जंगलं तुमची वाट बघतायत."

"मला त्यातलं काही कळत नाही हो," भागाबाई म्हणाली.

"कळायची गरजच नाही. चिकाटी लागते. आणि चिकाटीत तुमचा हात कोण धरणार? तुम्ही घोरपड आहात."

इथे भागाबाई पाघळली. मुलांनो, आपल्याकडे जो गुण असतो ना, त्याचं कौतुक केलं की आपण कुठेही जायला तयार होतो. शिवाय तिची पाठ दुखायची. मडकी वाहून वाहून आईची पाठ कशी वाकली होती, ते तिने पाहिलं होतं. तीन मडकी चटणी फीमध्ये देऊन तिने कोर्स घेतला.

पहिलीच अडचण रेंजची होती. तिच्या बिळात रेंज नव्हती, बाजारात तर नव्हतीच. शोधता शोधता ती बाजारावरच्या काळ्या कड्यापाशी आली. कड्याच्या बरोबर मध्यावर, जिथे गवताचं पातंही टिकत नाही, तिथे दोन काड्या रेंज होती. दुसरा कुणी असता तर परत फिरला असता. भागाबाईने नख्या रोवल्या आणि ती कड्याला चिकटली.

"वा!" सरडा फोनवरून म्हणाला. "आता तिथून हलायचं नाही. रोज तीन रील."

भागाबाई पहाटे खाली चटणी करायची आणि उजाडताच पुन्हा कड्याला चिकटायची. पहिल्या आठवड्यात तिने वारूळ कसं उकरावं, ते सांगितलं. त्याला एकशेबारा लाइक आले. सगळे माकडांचे. माकडं काहीही लाइक करतात, अंगठा मोकळा असतो.

मंगळवारी बाजार उठल्यावर तुळसा रानडुकरीण कड्याखाली आली. बाजारात ती भागाबाईच्या शेजारी बसून कंद विकायची.

"भागे, आज आली न्हाईस व्हय?" तिने खालून हाक मारली.

"मी ऑनलाइन आहे, तुळसा."

"ते दिसतंयच. झिपरूनाना आला हुता. चटणी इचारत हुता."

झिपरूनाना म्हणजे म्हातारं अस्वल. त्याला दोन हातांपलीकडचं दिसत नसे, पण चटणीच्या वासावर तो चार टेकड्या ओलांडून यायचा.

"त्यांना म्हणावं, मोबाइलवर ऑर्डर टाका," भागाबाई म्हणाली.

"त्याला समोरचं झाड दिसत न्हाई, मोबाइल कुठनं दिसंल?" असं म्हणून तुळसा निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यात चौकश्या सुरू झाल्या. एका हरणाने विचारलं, शाकाहारी वाळवी मिळेल का. एका उंटाने विचारलं, वाळवंटात पोचवता का. अकरा जणांनी नुसतं 'रेट?' असं लिहिलं. रेट कळवल्यावर ते अकरा जण पुन्हा कधी कुणाला दिसले नाहीत. एका सशाने मात्र खरोखर ऑर्डर दिली. चटणी घेऊन कावळा उडाला आणि पोचला तेव्हा त्याच्यापाशी रिकामं मडकं होतं. सशाने एक तारा दिला आणि लिहिलं, 'मडकं छान आहे.'

"एक तारा म्हणजे सुरुवात झाली," सरडा म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात सरड्याने सांगितलं की आधी फुकट द्यायला शिका, विश्वास तयार होतो. भागाबाईने आईची पाककृती मुंग्यांच्या प्रमाणासकट सांगून टाकली. जंगलभर ती पाहिली गेली. करून कुणी पाहिली नाही, कारण पहाटे उठून वारूळ कोण उकरणार? पण आता सगळ्यांनाच चटणीतलं कळायला लागलं. लसूण जास्त होतो असं एक बेडूक म्हणाला. बेडकाने आयुष्यात चटणी खाल्ली नव्हती.

इकडे केलेली चटणी पडून राहू लागली. एकेका मडक्याला बुरा आला. भागाबाईने तीही फेकली नाही, स्वतःच खाल्ली आणि तिचं पोट बिघडलं. बिघडलेल्या पोटाने कड्याला चिकटून राहणं काय असतं, ते मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

चौथ्या मंगळवारी तुळसा आली ती रागावूनच.

"हा चौथा बाजार, भागे. म्होरल्या मंगळवारी हत्तीण धोंडा उचलंल. तुझ्या आईचा धोंडा हाय त्यो."

"मला कळत नाही का गं?" भागाबाई म्हणाली. "पण आत्ता सोडलं तर चार आठवडे पाण्यात जातील."

"मग पाचवा बी घाल पाण्यात," तुळसा म्हणाली. पण जाताना तिने दोन कंद कड्याच्या पायथ्याशी ठेवले.

पाचवा मंगळवार उजाडला. भागाबाईला कड्यावरून खालचा सगळा बाजार दिसत होता. जांभळाखालचा दगड रिकामा होता. झिपरूनाना हुंगत हुंगत आला, दगडापाशी उभा राहिला, त्याने पंजाने दगड चाचपला आणि तो परत गेला. ते पाहून भागाबाईने नख्या सैल केल्या. तिने एक पाय सोडवला. मग दुसरा. हातभर ती खालीही उतरली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. रंगनाथसर लाइव्ह आले होते.

"मित्रांनो," सरडा म्हणत होता, "नव्याण्णव टक्के लोक पाचव्या आठवड्यात सोडतात. आणि यश सहाव्यात असतं."

हा आकडा त्याने कुठून आणला, विचारू नका. भागाबाईनेही विचारलं नाही. ती हातभर खाली आली होती, ती हातभर वर गेली.

दुपार कलल्यावर हत्तीण आली. तिने आजूबाजूला पाहिलं, जरा वाट पाहिली आणि मग सोंडेने दगड उचलून ओढ्याकडेला ठेवला. दगडाखालची जमीन पिवळी पडली होती. तेवढा गोल तुकडा कड्यावरूनही दिसत होता.

भागाबाईला रडू कोसळलं. कड्याला चिकटलेलं असताना डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ती तशीच रडली. तिने सरड्याला फोन लावला.

"सर, आईची जागा गेली."

"रडताय का तुम्ही?"

"हो."

"थांबू नका. रील करा. रडण्याला फार चांगला प्रतिसाद असतो."

तिने रील केला. त्याला साडेचार हजार लाइक आले. माकडांनी हृदयंसुद्धा पाठवली. चटणी कुणी मागवली नाही.

आणि मुलांनो, सहावा सोमवार आला. सकाळी मोबाइल वाजला. ऑर्डर होती. एक नव्हे, दोन नव्हे, वीस मडकी! भागाबाईने तीनदा वाचलं, चौथ्यांदा कड्याला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. मागवणाऱ्याचं नाव नव्हतं. पत्ता होता, 'मंगळवारचा बाजार, मोठं जांभूळ.'

तिच्या मनात आलं, झिपरूनानाने कुणाला तरी सांगून मागवली असेल. तिने दिवसभर वारुळं उकरली, भाजलं, रगडलं, भरलं. कावळ्यावर आता तिचा भरवसा नव्हता. मंगळवारी वीस मडकी दोन खेपांत पाठीवर बांधून ती स्वतः बाजारात पोचली. आनंदाने तिला पाठ दुखल्याचंही कळलं नाही.

जांभळाखाली गर्दी होती. पिवळ्या पडलेल्या गोल तुकड्यावर एक नवा, गुळगुळीत दगड होता. दगडावर रंगनाथसर बसले होते.

"या मॅडम," सरडा म्हणाला. "वेळेत आलात. ग्राहक खोळंबलेत."

"सर, तुम्ही इथे?" भागाबाईने विचारलं.

"जागा सुटली म्हणून कळलं, अर्ज दिला. कोर्सला काही विद्यार्थी मिळेनात हो."

"विद्यार्थी नाहीत? आणि ते मित्रांनो, मित्रांनो म्हणायचात ते?"

"तुम्हालाच म्हणायचो. ऑनलाइनला काही दम नाही बघा. समोर बसलं की माल खपतो."

"पण मग तुम्ही सोडलंत की सर," भागाबाई म्हणाली.

"छे! मी दिशा बदलली," असं म्हणून सरडा हिरव्याचा पिवळा झाला.

त्याने मडकी मांडली. प्रत्येकावर पान चिकटवलं, 'रंगनाथ चटणी'. रांगेत पहिला झिपरूनानाच होता. त्याने बोटभर चटणी चाटली, डोळे मिटले आणि मान हलवली.

"बरी आहे," तो म्हणाला. "पण भागाबाईच्या हाताची चव नाही."

"नाना, अहो ही माझीच..." भागाबाई पुढे झाली.

सरड्याने तिला शेपटीने मागे सारलं. "मॅडम, ग्राहकाशी वाद घालायचा नसतो. तिसऱ्या धड्यात शिकवलंय."

गर्दीच्या गलक्यात नानाला तिचा आवाज ऐकू गेला नाही, दोन हातांपलीकडचं त्याला दिसत नव्हतं आणि भागाबाई अडीच हातांवर उभी होती. त्याने बदल्यात मधाचं पोळं दिलं. सरड्याने ते मागे ठेवलं आणि त्यातला कोपऱ्यातला तुकडा मोडून भागाबाईच्या हातात दिला.

"हा तुमचा घाऊक भाव. पुढच्या मंगळवारी चाळीस लागतील. आणि कड्यावरून उतरू नका, ऑर्डर तिथेच येईल."

तुळसा हे सगळं बघत होती. तिने आपल्या कंदांची रास एका अंगाला लोटली आणि अर्धा दगड मोकळा केला.

"भागे, हितं बस. जागा दोघींची. हत्तिणीला मी बगते. पुढल्या बाजारापासनं तुझी तू ईक. नाना आत्ता हितंच उभा हाय, त्याला हाक मार."

भागाबाईने अर्ध्या दगडाकडे पाहिलं. हातातल्या मधाच्या तुकड्याकडे पाहिलं. मग तिने वर कड्याकडे पाहिलं. मुलांनो, इथे मला तिचा हात धरून तिला खाली बसवावंसं वाटतं. पण गोष्ट सांगणाऱ्याचं कोण ऐकतं?

"नको गं तुळसा," ती म्हणाली. "सहा आठवडे काढले. आत्ता कुठे जम बसतोय, आणि आत्ताच सोडू?"

रिकामी झाली तेवढी मडकी पाठीवर टाकून ती कड्याकडे निघाली. सरड्याने लगेच मोबाइल काढला आणि चढणाऱ्या भागाबाईचा पाठमोरा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे झळकला. खाली लिहिलं होतं, 'आमची यशस्वी विद्यार्थिनी.'

तात्पर्य : चिकाटी कधीही वाया जात नाही. ती कुणाच्या ना कुणाच्या कामी येतेच.