बाळण्णांकडे झालेली चौकशी

आमच्या सप्तापूरच्या गल्लीतले बाळण्णा गिऱ्हाइकाला आधी मालातला दोष सांगायचे आणि मग भाव. हुबळीच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. एखाद्या बाईनं कळशी उचलली की अण्णा म्हणायचे, "थांबा. हिचा काठ जरा वाकडा आहे. डावीकडनं बघा. मागनं मला बोल लावायचा नाही." बाईला वाकडेपणा दिसायचा नाही, पण एवढं ऐकल्यावर कळशी घेणार कोण? शेवटी पुतण्यानं दुकान हातात घेतलं, आणि अण्णा घराच्या कट्ट्यावर बसून माणसांचे दोष सांगायला लागले.

बायको फार लवकर गेलेली, पोरबाळ नाही. तोंडात सदा एकच, "खरं ते सांगितलेलं बरं की!" गल्लीत कुणाच्या लग्नाची चौकशी करायला मुलीकडची माणसं आली की आम्ही त्यांना मुद्दाम मागच्या बोळातनं आणायचो, म्हणजे अण्णांचा कट्टा चुकायचा. एकदा चुकवायचं राहिलं आणि अण्णांनी समोरच्या बंडूबद्दल सांगितलं, "मुलगा सोन्यासारखा, पण आमटीभात खाताना आवाज इथंवर येतो." स्थळ फिसकटलं. बंडूच्या आईनं त्या वर्षी अण्णांकडे तिळगूळ पाठवला नाही.

मला मस्कतला नोकरी लागली, तेव्हा तिकडच्या कंपनीनं पोलिसांचा दाखला मागितला. ह्या माणसावर गुन्हा नाही, वागणूक चांगली आहे, एवढंच त्यात हवं होतं. दाखला नाही तर नोकरी नाही. मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. "चौकशीला माणूस येईल, शेजारीपाजारी विचारेल," असं तिथं सांगितलं. आणि तो आला कधी, तर मी कामावर असताना. साध्या कपड्यात आला आणि बसला कुठं, तर बाळण्णांच्या कट्ट्यावर!

संध्याकाळी अण्णांनी लांबूनच हाक मारली. भलतेच खुशीत होते.

"अरे, मुलीकडचा माणूस येऊन गेला. तू कसा, सवयी कशा, कुणाकुणात बसतोस, सगळं विचारत होता. मी काही झाकून ठेवलं नाही बघ."

"काय काय सांगितलंत?"

"घोरतोस म्हणून सांगितलं. तापट आहेस म्हणून सांगितलं. कॉलेजात संपाच्या वेळी पोलिसांनी व्हॅनमध्ये घालून नेलेलं, तेही सांगितलं. खरं ते सांगितलेलं बरं की!"

"अहो अण्णा, तो पोलीस होता! मस्कतच्या नोकरीच्या दाखल्यासाठी आलेला!"

अण्णांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मग व्हॅनचं त्याला ठाऊकच असणार की रे."

काय बोलायचं ह्या माणसाला? घरी येऊन मी कपाळाला हात लावून बसलो. आईनं मारुतीला नारळ बोलला. त्यानंतर मी अण्णांच्या कट्ट्यावरनं जाताना मान वर करत नव्हतो, इतका राग आला होता.

अखेर ठाण्यातनं बोलावणं आलं. गेलो तर तोच पोलीस समोर. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या करत त्यानं बसवलं आणि दाखला पुढं सरकवला. माझ्यावर काही नाही! संपात धरलेल्या पोरांना त्याच दिवशी सोडून दिलं होतं, त्याची कुठं नोंदसुद्धा नव्हती. मी इतका मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या टेबलावरचा हवालदार वळून बघायला लागला.

"ते अण्णा तुमचे कोण?" पोलिसानं विचारलं.

"कोण नाही. शेजारी."

"शेजारी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "स्वतः चहा करून पाजला मला. तुमचे दोष सांगून झाले आणि मग माझा हात धरून म्हणाले, पोराला बाप नाही म्हणून मागं फिरू नका. बोलणी करायला बापाच्या जागी मी आहे. देण्याघेण्याचं काही नको. मुलगी तेवढी बोलकी असू दे, म्हणजे येताजाता मलाही हाक मारेल." तो हसला, पण नीटसं हसू आलं नाही त्याला. "मी पोलीस आहे असं सांगायला माझं तोंडच उघडेना हो."

परत आलो तो तडक कट्ट्यावर. अण्णा मला बघून उठून उभेच राहिले.

"मिळाला?"

"मिळाला."

"सुटलो बाबा!" ते मटकन खाली बसले. "अन्न गोड लागत नव्हतं रे. माझ्या तोंडानं तुझी नोकरी घालवली असं वाटत होतं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. म्हणालो, "अण्णा, सुट्टीला आलो की मुली बघायला जायचं. बोलणी तुम्हीच करायची."

"मी? अरे, मी तोंड उघडलं की जमलेलं मोडतं!"

"मोडू दे. तुमच्याशिवाय मी जाणार नाही."

अण्णा धोतराचा सोगा उगाचच नीट करत राहिले. मग हळूच विचारलं, "मस्कतला सुट्टी लवकर देतात का रे?"