कमिटीच्या रेडिओचे डोमाजीभाऊ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेवढं सांभाळून घ्यावं. डोमाजीभाऊंबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहिते.

डोमाजीभाऊ रेडिओला नमस्कार करायचे. देव समजून नाही. आतला माणूस ‘नमस्कार’ म्हणायचा, म्हणून हेही उलटून ‘नमस्कार’ म्हणायचे. कोणी हसलं तर म्हणत, “त्यानं रामराम घातला, तं आपुन तोंड फिरवाव का?”

नागपूरला लागूनच आमच्या वस्तीची वेगळी छोटी कमिटी, म्हणजे नगरपालिका, होती. तिच्या बागेत मी झाडलोट करायची, झाडांना पाणी घालायची. बागेत एक सिमेंटची खोली, खोलीत रेडिओ आणि छतावर भोंगा. तेव्हा घरोघर रेडिओ नव्हते. संध्याकाळी सहा ते आठ लोक गवतावर बसून ऐकत. रेडिओ लावायला कमिटीने डोमाजीभाऊंना ठेवलं होतं. कागदावर त्यांचं पद ‘रेडिओ चालक’. ते नुसतं ‘चालक’ सांगत. एकदा सावनेरचा एक ठेकेदार त्यांना कोळशाचा ट्रक चालवायला चला म्हणाला. हे म्हणाले, “माह्या गाडीले चाक नाही, बाप्पा. पन रोज दिल्लीले जाऊन येते.”

रेडिओ जुना होता, गरम व्हायला वेळ लागायचा. तोवर डोमाजीभाऊ त्याच्यावर हात ठेवून उभे राहत. “घाई नोको करू गा, घसा साफ होऊ दे.”

बोलणंही रेडिओचंच झालं होतं. शिंक आली, कोणाला पाय लागला, माझी बादली कलंडली, की “व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत.” एका मयतीला गेले, तर तिथे रडणाऱ्या बाईजवळ जाऊन हळूच तेच म्हणाले. बाई रडायची थांबली. डोळे पुसून म्हणाली, “बसा, भाऊ.”

त्यांच्या घरी कोणी नव्हतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सहा ते आठ बागेत लोकांत असत, तेवढाच त्यांचा संसार. हे मला तेव्हा कळलं नाही.

मग कमिटीत पैसा कमी पडला. सभेत ठराव झाला की करमणुकीचा खर्च बंद. करमणुकीत काय काय येतं, त्याची यादी मोठ्या बाबूंनी वाचून दाखवली. आखाड्याची माती, झोपाळा, वाचनालयाचं वर्तमानपत्र, रेडिओ आणि रेडिओ चालक. डोमाजीभाऊंनी विचारलं, “साहेब, झोपाळ्याले नोटीस भेटली का? का मलेच?”

माझी नोकरी राहिली, कारण माझा पगार सफाईच्या खात्यात होता. “तुह्या झाडण्यानं कोनाची करमनूक होत नाही वं बाई, म्हनून वाचली तू,” असं ते म्हणाले. मी खाली मान घालून झाडत राहिले.

बारा वर्षांची नोकरी गेली म्हणून त्यांना भरपाईचे, म्हणजे छाटणीचे, पैसे मिळाले. त्याच आठवड्यात रेडिओचा लिलाव होता. बोली लावायला हे एकटेच. यांनी म्हटलं, साठ. बाबू म्हणाले, साठ रुपये एक वार. हे म्हणाले, सत्तर. बाबू म्हणाले, “अहो, दुसरं कोणी नाही. साठलाच मिळेल.” यांना राग आला. “त्याची किंमत साठ करता का, साहेब? ऐंशी.” असं करत स्वतःच्याच बोलीवर बोली चढवत गेले. शेवटी बाबूंनीच घाबरून टेबलावर हात आपटला. तोवर छाटणीच्या पैशांतले अर्ध्याहून जास्त गेले होते. उरलेले पुढच्या महिन्यांत पोटाला गेले.

त्यांच्या खोलीत वीज नव्हती. एकदा संध्याकाळी मी वांग्याची भाजी द्यायला गेले. दार उघडं होतं. पेटीवर रेडिओ आणि त्याच्यावर यांचा हात. थोड्या वेळाने म्हणाले, “नमस्कार.” मी भाजी उंबऱ्यावर ठेवून परत आले.

पुढे निवडणूक झाली. नव्या मेंबरांनी छाटणीचा ठराव रद्द केला. डोमाजीभाऊंना बागेत चौकीदार म्हणून परत घेतलं. रेडिओ मात्र परत सुरू झाला नाही, करमणुकीला पैसा नव्हताच. आणि छाटणीच रद्द झाली, म्हणून छाटणीचे सगळे पैसे परत भरा, असा हुकूम आला.

मोठे बाबू म्हणाले, रेडिओ विका. हे म्हणाले, “इकला असता, साहेब. पन बोली लावनारा मी एकटाच.”

मग हप्ते ठरले. दर महिन्याला पगाराच्या दिवशी कमिटीच्या ऑफिसात जाऊन रोख भरायचे. तिथे उमरेडचा एक नवा बाबू होता. त्या दिवशी डोमाजीभाऊ दाढी करत, डोक्याला तेल लावत, धुतलेलं धोतर नेसत. सकाळी जात ते दुपारी येत. मी एकदा धीर करून म्हटलं, “भाऊ, दोन हप्ते एकदमच भरत जा. एक खेप वाचते.”

“काहून वं? तो बाबू पुरं नाव घेऊन बलावते. डोमाजी सखारामजी, या, बसा, म्हनते. पानी देते. तब्येत कशी हाय, पुसते. मी बी सांगतो सारं, गुडघ्यापासून. खेप वाचवून करू काय?”

मी रोज त्यांच्याशेजारी काम करत होते. मी कधी विचारलं नव्हतं.

तीन वर्षं ते असेच जात राहिले. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मीही पगाराच्या रांगेत उभी होते. बाबूने पावती लिहून दिली. डोमाजीभाऊ म्हणाले, “वही अजून एकडाव पाहा बरं, साहेब. एखादा रुपया राहिला असन.”

बाबूने बोट फिरवत सगळी पानं पाहिली. काही राहिलं नव्हतं.

“याच्यावर व्याज नसते का?”

बाबू हसला. “नाही, भाऊ. पैसे पूर्ण फिटले. आता तुम्हाला इकडे यायचं काम नाही.”

बाबूने पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. डोमाजीभाऊ खुर्चीवरून लवकर उठले नाहीत.