तळणातलं डिझेल

आमच्या गल्लीत कुणाकडे भजी तळली की कढई थंड व्हायच्या आत मनोहरकाका दारात हजर होतात. भजी खायला नाही. भज्यांकडे ते बघतही नाहीत. त्यांना कढईतलं उरलेलं तेल हवं असतं.

"वहिनी, किती खेपा तापलं हे?" ते माझ्या बायकोला विचारतात. ती म्हणते, "दोन." काका वास घेतात.

"तीन. मधात सांबारवडी होती."

कोथिंबिरीची ती वडी असतेच.

काकांनी उभी नोकरी अमरावतीत पोस्टात काढली, त्यामुळे तेल नेलं की पोचपावती मिळते. त्यांच्या अंगणातल्या शेडमध्ये बाटल्यांची रांग, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी: 'प्रेषक: पाटील. मजकूर: आलुबोंडे.' तळणाच्या तेलाचं डिझेल होतं, हे त्यांनी निवृत्तीनंतर मोबाइलवर पाहिलं आणि लागले कामाला. रसायनशास्त्राशी त्यांचा आधीचा संबंध दहावीत त्यात नापास होण्यापुरता.

"काका, कावून करता हा उपद्व्याप?" मी एकदा विचारलं.

"देशाले डिझेल बाहेरून आनावं लागते ना बाप्पा! कोनं तरी सुरुवात करा लागते."

कृती ऐकायला सोपी. तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, मग मिथेनॉलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. वर डिझेल येतं, काळपट ग्लिसरीन तळाशी बसतं. पण मिथेनॉल विषारी, शिवाय चटकन पेट घेणारं. म्हणून काका अमरावतीच्या मे महिन्यात हेल्मेट, रेनकोट आणि रबरी हातमोजे घालून ढवळायचे आणि गल्लीतल्या मांजरालाही फाटकाबाहेर काढायचे.

पहिल्या खेपेला तेलात पाणी राहिलं आणि बादलीभर साबण तयार झाला. काकांनी बादलीवर चिठ्ठी डकवली: 'पत्ता चुकला.'

दुसऱ्या खेपेला डिझेल जमलं. ते पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं असतं. काकांनी आनंदाच्या भरात डबा घुसळला आणि आत ताकासारखं पांढरंफेक काहीतरी झालं. "घाई नडली," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या खेपेला मात्र ते काचेची बरणी घेऊन दारोदार फिरले. "पाहा, आरपार उजेड दिसून राह्यला!" खरंच, आत मधासारखं सोनेरी काहीतरी चमकत होतं. मला म्हणाले, "संजू, सकाऊन माया संगं नांदगाव खंडेश्वरले चाल. साक्षीदार पाह्यजे."

तिथं त्यांची धाकटी बहीण, वच्छलाबाई, मेथी-पालक पिकवते. विजेचा भरवसा नाही, म्हणून विहिरीवर जुनं डिझेल इंजिन. मी मोटारसायकल चालवत होतो, काका मागे मांडीवर कॅन घेऊन. प्रत्येक खड्ड्याला, "हळू रे बाप्पा, हळू!"

काकांनी टाकी भरली. हॅन्डल फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. नुसती उचकी. काकांचा चेहरा पडला. मग मी जोर लावला आणि इंजिन धकधक करत सुरू झालं. पाइपातून पाण्याचा लोट पडला. मी टाळ्या पिटत वळलो, तर काका इंजिनाकडे बघतच नव्हते.

ते बघत होते बहिणीकडे. ती नाकाशी पदर धरून पार लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभी होती.

"वच्छे, इकडे ये."

"नको दादा. धूर छातीत बसते. मंग दिवसभर दमा सोडत नाई."

"ये त खरी."

ती दबकत आली. धूर होता, पण विरळ. तिनं पदर जरासा सैल केला, थांबली, मग सोडूनच दिला. "अवो माय! ठसका नाई येऊन राह्यला!" तिनं मेथीचा भारा ओढला आणि इंजिनापासून चार हातांवर जुड्या बांधत बसली. हसत होती.

तिच्या दम्याबद्दल काकांनी गल्लीत कधी चकार शब्द काढला नव्हता.

"चाल संजू, ऊन तापाच्या आत निघू," काका म्हणाले, आणि तिच्या शेजारी मांडी घालून जुड्या बांधायला बसले.