यंत्राला आला संशय

रक्तपेढीचा फोन आला तेव्हा हेडक्लार्क अंघोळीला गेले होते, आणि मोबाईल उचलला त्यांच्या आईने. पलीकडच्या बाई एवढंच म्हणाल्या, की साहेबांनी परवा ऑफिसच्या शिबिरात रक्त दिलं, त्याबद्दल जरा बोलायचं आहे. आईंनी तीनदा विचारलं, "काय झालंय?" बाईंनी तीनदा उत्तर दिलं, "ते आम्ही फक्त त्यांनाच सांगू."

झालं! जे सांगत नाहीत ते वाईटच असतं, हा आईंचा सत्तर वर्षांचा अनुभव. हेडक्लार्क डोकं पुसत बाहेर येईपर्यंत त्यांचा चहाचा कप एकटाच खिडकीत जाऊन बसला होता आणि बायको सोफ्यावर, हाताची घडी घालून.

"रक्तात काय सापडलंय?"

"कोणाच्या?"

"रक्त देऊन कोण आलं, मी?"

हेडक्लार्क तसेच रक्तपेढीत धावले. कावीळ करणाऱ्या एका विषाणूच्या चाचणीत शंका आली होती. पुन्हा नमुना घेतला. पक्का अहवाल चार दिवसांनी. "घाबरू नका," असं बाई इतक्या प्रेमाने म्हणाल्या, की ते पार गळाठले.

"दूषित सुईतून पसरतो म्हणे," घरी येऊन ते पुटपुटले. "किंवा ब्लेडमधून."

"आणि?" बायकोने मोबाईलवर सगळं वाचून ठेवलं होतं. "पुढचं वाचा की."

पुढचं वाचताना हेडक्लार्कांचे कान लाल झाले.

"मार्चमधला तो दौरा," बायको म्हणाली. "कुठे होता?"

एरवी त्यांनी थाप मारली असती. पण मरणाच्या दारात उभं राहून बायकोशी खोटं बोलायला छाती लागते. "दौरा नव्हताच गं. तुझ्या भावाचं सामान हलवायला जायचं होतं ना, म्हणून मित्राकडे दोन दिवस झोपून काढले."

"कोणाबरोबर?"

"अगं, नुसता झोपलो! पंख्याखाली!"

एकदा बूच निघाल्यावर बाटली थांबेना. "आणि तुझं मांजर पळालं नव्हतं. मीच लांब सोडून आलो. मला चावलं होतं ते. त्यातून तर नसेल झालं? आणि आई, तुझा दात घासायचा ब्रश... एकदा घाईत मी..."

आई तडक उठल्या आणि स्वतःचाही कप खिडकीत ठेवून आल्या.

चार दिवस घरात फक्त कुकर बोलत होता. पाचव्या दिवशी नवराबायको रक्तपेढीत बसले.

"यांच्यासमोर सांगू ना?" बाईंनी विचारलं.

"सांगा. हिला सगळं ठाऊक झालंय. नको तेवढं."

"तुम्ही ठणठणीत आहात. आमचं पहिलं यंत्र मुद्दामच संशयी असतं. दहा निरपराधी अडकले तरी चालतील, पण एक गुन्हेगार सुटता कामा नये. ते रक्त उद्या एखाद्या बाळंतिणीला चढायचं असतं हो. आणि घरी कप वेगळा ठेवला असेलच; त्याने काही होत नसतं, आईंना सांगा."

हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. "मग माझं रक्त दिलंत कोणाला?"

"नाही. शंका आली की पिशवी नष्ट करतो."

"शंका आली म्हणून फेकलं?" ते दुखावले. "आमच्या ऑफिसात शंका आली तर फाईल नुसती बाजूला ठेवतात!"

"म्हणूनच रक्तपेढी तुमच्या ऑफिसात नाही," बाई म्हणाल्या आणि बायकोकडे वळल्या. "आलाच आहात तर तुम्ही द्या ना रक्त."

"देते की! आमच्या रक्ताला घाबरायचं काय कारण?" नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकून बायको ताठ मानेने आतल्या खोलीत गेली. पाच मिनिटांत बाहेर आली, ती पर्स घट्ट धरून.

"एवढ्यात झालं?"

"हिमोग्लोबिन कमी आहे. चला."

मागोमाग नर्स हसत दारात आली. "कमी कुठलं, चांगलं तेरा आहे! फक्त टॅटूला वर्ष झालं की या. आता सातच महिने झालेत."

निघायला उठलेले हेडक्लार्क पुन्हा खुर्चीत बसले. "टॅटू? तुझा? कुठे?"

"सात महिन्यांत तुम्हाला दिसला नाही," बायको चपला पायात सरकवत म्हणाली, "तर आता विचारून काय उपयोग?"