पांढरे दात आणि बंद पंखा

मुलगी बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी दात पांढरे करून घ्यायचं ठरवलं. (पाहुणे मुलगी बघायला येतात, बापाचे दात बघायला नाही, हे बायकोनं मला नंतर सांगितलं.)

मी लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात कारकून. दिवसभर पालकांना "बॅच फुल झाली" सांगायचं आणि दर पालकामागे एक चहा प्यायचा. दात पार तपकिरी झालेले. पाहुणे देगलूरचे व्यापारी, वीरण्णा. म्हटलं, मुलीच्या बापाची छाप पडावी. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन दात चमकवून आलो.

"दोन दिवस चहा, हळद बंद," बाई म्हणाल्या. "गार नको, कढत नको, पाणी कोमट. ठणकलं तर ही पेस्ट बोटानं लावून ठेवा. हळूहळू कमी होईल."

घरी येईपर्यंत नुसता वाराही दातांना झोंबायला लागला. बोललो की कळ, हसलो की कळ. पेस्ट लावून, तोंड मिटून रात्र काढली; घरात कुणाला काही सांगितलं नाही.

सकाळी पाहुणे मुलाला घेऊन आले. मे महिना, पंखा फुल्ल.

"घ्या की मन्मथअप्पा, आमच्यासंगं चहा," वीरण्णा म्हणाले.

मी ओठ मिटून नकाराची मान हलवली.

"मग सरबत तरी?" माझी बायको सिंधू म्हणाली. पुन्हा मान. सिंधू माझ्याकडे अशी बघून राहिली की दात विसरायला झाले.

वीरण्णा मुलाची नोकरी सांगत होते. न राहवून मी "वा!" म्हणालो. पंख्याचा सगळा वारा त्या "वा"मध्ये शिरला. डोळ्यांत पाणी आलं. मी उठलो आणि पंखा बंद केला.

सगळ्यांच्या कपाळावर घाम. वीरण्णा उठले.

"चला. चहा घेत न्हाईत, बोलत न्हाईत, आता पंखाबी बंद. आपल्याला जा म्हणून राहिलेत."

आमच्या मनस्विनीला मुलगा आवडला होता. तिचा चेहरा उतरलेला बघितला आणि मी तोंड उघडलंच.

"न्हाई वो! काल दातांचं काम केलंय! लई ठणकून राहिलेत!"

सगळे हसत सुटले. पंखा चालू झाला. मी तोंडाला टॉवेल धरून बसलो, सिंधूनं कोमट दूध आणून दिलं. तासाभरात लग्न ठरलं. मनस्विनी लाजून हसली, तेव्हा मीही हसलो. (कळ आली. येऊ दिली.)

निघताना वीरण्णांनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मायेचा.

"लाजू नका, व्याही. नवी कवळी पहिल्यांदा ठणकतेच, माझीबी ठणकायची. फक्त पुढच्या टायमाला जरा पिवळट घ्या. खऱ्यासारखी वाटते."